न दिसणाऱ्या किरणांचा हिशेब



आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत खाती सांभाळणारे कारकून. त्यामुळे आजचा अंतराळाचा विषयही हिशेबाच्याच अंगाने मांडणार आहोत.

पृथ्वीवर हवेचे आवरण आणि चुंबकीय क्षेत्र आपले रक्षण करतात. तरीही निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच. अंतराळ स्थानकात दिवसाला सुमारे अर्धा मिलिसीव्हर्ट किंवा थोडा अधिक मिळतो. म्हणजे आपले वर्ष तिथे पाचेक दिवसांत भरते. हे किरण दिसत नाहीत, जाणवत नाहीत, पण पुढे कर्करोगाचा धोका वाढवतात. म्हणून अंतराळवीर अंगावर मापक बाळगतात.

अशा एका प्रकारच्या मापकात स्फटिक असतो. किरणांची ऊर्जा त्यात साठून राहते आणि तो तापवला की प्रकाशरूपाने बाहेर पडते. प्रकाश जितका जास्त, तितकी मात्रा जास्त. हे तापवण्याचे काम पृथ्वीवर आणून करावे लागे. हंगेरीच्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी 'पिल्ले' नावाचे छोटे यंत्र तयार केले. १९८० साली बर्तालान फारकाश यांनी ते साल्युत-६ स्थानकावर वापरले आणि तिथल्या तिथे मोजता येऊ लागले.

ऑगस्ट १९७२ मध्ये सूर्यावर प्रचंड वादळ झाले. अपोलो-१६ एप्रिलमध्ये परतले होते, अपोलो-१७ डिसेंबरमध्ये निघायचे होते. मधल्या काळात चंद्राच्या वाटेवर कोणी नव्हते, हे केवळ नशीब. पण नशिबावर माणसांचे जीव सोपवता येत नाहीत.

मित्रहो, या खात्यात फक्त जमा होते. काढता येत नाही. पूर्वी नासाची मर्यादा वय आणि लिंग पाहून ठरे, त्यामुळे स्त्रियांच्या वाट्याला कमी दिवस येत. २०२२ साली ३५ वर्षांच्या स्त्रीला असलेला धोका धरून सर्वांसाठी एकच मर्यादा ठरली: संपूर्ण कारकिर्दीत ६०० मिलिसीव्हर्ट. ज्याला धोका अधिक, त्याला मापदंड मानून सर्वांना समान न्याय दिला गेला.

आता विद्यार्थ्यांनी गुणाकार करावा. क्युरिऑसिटी यानातील मापकाने २०११-१२ च्या मंगळप्रवासात दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट नोंदवले. जाण्यायेण्याचे ३६० दिवस धरले, तर नुसत्या प्रवासातच खाते मर्यादेपलीकडे जाते!

असाच स्फटिकाचा बिल्ला आपल्याकडे एक्स-रे विभागातील कर्मचारी छातीवर लावतात. आपल्यातील जी मुले-मुली त्या कामाला लागतील, त्यांना एवढेच सांगणे, की बिल्ला खुंटीवर टांगून ठेवू नका आणि आपल्या नोंदीचा आकडा मागून घ्या. ज्याच्या अंगावर किरण पडतात, त्याला आपला हिशेब ठाऊक असलाच पाहिजे.