रानकोंबड्याचे चार महिने

डोंगरातला देखणा फेझंट म्हटला की आपल्याला हिमालयातला मोनाल आठवतो. त्याचा एक भाऊबंद मुळशीत, ताम्हिणीच्या रानात पहाटे बांग देतो आणि आपण घरचा कोंबडा समजून कूस बदलतो. नीट ऐकलंत तर फरक कळेल. घरचा कोंबडा सूर लांबवतो. राखी रानकोंबड्याची बांग तुटक, चार ठोक्यांत आटोपणारी.

हा पक्षी भारताबाहेर रानात कुठेच नाही. आपल्या कोंबड्यांचा मूळपुरुष लाल रानकोंबडा, हे खरं. पण कित्येक कोंबड्यांची पिवळी कातडी या राखी रानकोंबड्याकडून आली, असं २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. म्हणजे खुराड्यातही याचा वाटा आहेच!

नराच्या मानेवरच्या पिसांना मेणचट पिवळे ठिपके असतात. तेच त्याला भोवले. सामन मासा पकडायला गळावर खोटी माशी बांधतात, तिच्यासाठी विलायतेतल्या हौशी मंडळींना हीच पिसं हवी असत. १९०२ साली इंग्रज सरकारनेच रानपक्ष्यांची पिसं परदेशी पाठवायला बंदी केली. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीलाही आळा घातला. तरी फासकी लागतातच, आणि रानातल्या कोंबडीच्या रश्श्याची फर्माईश करणारा पाहुणा बहुधा शहरातला असतो.

पण माझ्या मते फासक्यांपेक्षा वणवा वाईट. फासक्यात एक पक्षी जातो, वणव्यात अख्खी वीण. रानकोंबडीचं घरटं म्हणजे कारवीच्या किंवा करवंदीच्या जाळीखाली पालापाचोळ्यातला एक खळगा. त्यात चार-सहा अंडी. उबवायला एकटी मादी. हा सगळा संसार मुख्यतः फेब्रुवारी ते मेमधला, आणि डोंगर पेटवले जातात तेही याच दिवसांत. कुणी चांगलं गवत येईल म्हणून काडी लावतो, कुणाच्या राबाची आग बांध ओलांडते, कुणी नुसती सिगारेट टाकतो. चकोत्री, लावे यांचीही अंडी जमिनीवरच. झाडं काळवंडून उभी राहतात, म्हणून रान वाचलं असं आपण म्हणतो.

तीच गत प्लॉट ‘साफ’ करण्याची. मोठी झाडं राखून खालची जाळी जेसीबीने काढली, की मालकाला आपण निसर्गप्रेमी आहोत असं वाटतं. रानकोंबड्याला लपायला, चरायला लागते ती नेमकी ती जाळी. कारवीला सात-आठ वर्षांनी बी धरतं, तेव्हा हे पक्षी तिथे गोळा होतात. देवराईत मात्र पाचोळाही उचलायचा नाही अशी जुनी शिस्त. ताम्हिणीच्या विंझाईच्या राईत ती जाळी अजून टिकून आहे.

२०१३ साली ताम्हिणीला अभयारण्य जाहीर झालं. खासगी डोंगरांना ते कवच नाही. तिथे गावानं आणि मालकांनी मिळून थंडी सरायच्या आत आग अडवणाऱ्या जाळरेषा काढल्या पाहिजेत. आणि घाटातून जाताना धूर दिसला, तर मोबाइलवर चित्रण करण्याआधी वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवा.