रेपो दर उतरला, सोनारीचा शेकडा उतरला का?
(सोनारी, ता. परंडा, जि. धाराशिव येथे जुलै २०२५ मध्ये तरुण आणि बचत गटांच्या सदस्यांसमोर केलेले भाषण)



२०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला. ‘कर्ज स्वस्त झाले’ अशा बातम्या आल्या. बँका रिझर्व्ह बँकेकडून पैसे घेतात, तेव्हाचा हा व्याजदर. महागाई वाढली की तो वाढवतात. २०२२-२३ मध्ये तो ४ वरून ६.५० वर नेला होता. दर उतरला की कारखानदार, बिल्डर कर्ज काढतात, कामे निघतात आणि बेकारी कमी होते, असे गणित आहे. गणित खोटे नाही. पण ते सोनारीपर्यंत किती पोहोचते, एवढेच मला आज तपासायचे आहे.

साधा हिशेब करू. शहरातल्या नोकरदाराचे २० लाखांचे गृहकर्ज असेल, तर एका टक्क्याने त्याचे वर्षाला सुमारे २० हजार वाचतात. आपल्यापैकी कुणी दवाखान्यासाठी २० हजार रुपये ‘शेकडा तीन’ने घेतले, तर महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये व्याज जाते. म्हणजे वर्षाला ३६ टक्के, आणि मुद्दल तसेच! हेच कर्ज बँकेतून १२ टक्क्यांनी मिळाले, तर व्याज २,४०० होते. फरक ४,८०० रुपयांचा. रोजगार हमीची मजुरी २०२५ मध्ये ३१२ रुपये होती. म्हणजे पंधरा दिवसांची कमाई नुसत्या या फरकात जाते. रेपो दर कितीही उतरो, सावकाराचा शेकडा हलत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्याची उचलही कर्जच असते. ते अंगमेहनतीने फेडायचे असते.

आता बेकारी. मे २०२५ मध्ये देशाचा बेकारीचा दर ५.६ टक्के होता. पण या मोजणीत आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. घरच्या शेतात बिनपगारी राबणारा पदवीधरही ‘कामावर’ असतो. ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर चार दिवस मजुरी आणि तीन दिवस पारावर, हेही त्या आकड्यात बेकार नाहीत. आपली बेकारी अर्धपोटी कामात लपते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्यातली काही मुस्लिम कुटुंबे व्याज नको म्हणून बँकेची पायरी चढत नाहीत. त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करतो. पण अडचण आली की त्यांतलीच काही घरे शेकड्याने पैसे घेतात किंवा दागिना गहाण टाकतात. बागवान, तांबोळी, पिंजारी यांच्या अनेक घरांत सातबारा नाही, म्हणून पीककर्जही नाही. बँक टाळल्याने व्याज टळले नाही, उलट तिप्पट झाले. हे घरातल्या बाईला सगळ्यांत आधी कळते, कारण दागिना तिचा असतो.

मग करायचे काय? तीन गोष्टी सांगतो.

एक : काम तोंडी मागू नका. नमुना ४ भरा आणि तारखेची पोच घ्या. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर बेकारभत्ता हा हक्क आहे. १९७२ च्या दुष्काळातून शिकून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. हमीची वाट देशाला आपण दाखवली. आपणच ती विसरू नये.

दोन : २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही, इतरांसाठी ही मर्यादा १५ आणि १८ टक्के आहे. शेकडा तीन बेकायदा आहे. सहायक निबंधकांकडे तक्रार करा, पण एकेकट्याने नाही, गटाने जा.

तीन : गावाची बेकारी गावाने मोजावी. कोणाला वर्षात किती दिवस काम मिळाले आणि कोण किती व्याज भरतो, याची वही बचत गटांनी ठेवावी. नावे गुप्त ठेवा, आकडे ग्रामसभेत मांडा.

रेपो दर मुंबईत ठरतो, तो आपल्या हातात नाही. ही वही आपल्या हातात आहे. ती येत्या ग्रामसभेआधी सुरू करा, एवढीच विनंती.