डबा नको, वाटी द्या

आम्ही गिरगावातल्या खोताच्या वाडीतून बोलतोय. आम्ही म्हणजे आमच्या भिशीतल्या सातजणी. आमच्यातली आठवी आज इथे आलेली नाही, पण या भाषणातलं अर्ध्याहून अधिक तिचंच आहे. तिला विचारूनच सांगतोय. नाव मात्र घेणार नाही.

गेल्या वर्षी तिची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. तिला स्लीव्ह म्हणतात. दुर्बिणीतून, चार-पाच बारीक छेद घेऊन, जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी. हे सुंदर दिसण्यासाठी केलेलं नव्हतं. साखर आटोक्यात येत नव्हती आणि आमच्या वाडीतले लाकडी जिने चढताना तिचा जीव अर्धा व्हायचा.

गिरगावकरांना हा विषय तसा नवा नाही. २०१७च्या फेब्रुवारीत इजिप्तहून इमान अहमद या बाईंना आपल्या चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात आणलं होतं. पलंगासकट क्रेनने उचलून आत नेलं. मार्चमध्ये त्यांची स्लीव्हचीच शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत त्या गेल्या. तेव्हा आपण सगळ्याजणी रोज एकच विचारत होतो, ‘आज किती किलो उतरले?’ त्या बाईंना बरं वाटतंय का, हे किती जणींनी विचारलं?

आमच्या मैत्रिणीच्या बाबतीत आम्ही याहून मोठी चूक केली. शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले आणि गणपती आले. आम्ही उकडीचे मोदक घेऊन तिच्याकडे गेलो. ती नको नको म्हणत होती. आम्ही म्हटलं, “अगं, प्रसादाला नाही म्हणू नये. अर्धा तरी खा.” तिने आमचं मन राखलं. दहा मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला, छातीत दाटून आलं आणि उलट्या सुरू झाल्या. रात्रीच दवाखान्यात न्यावं लागलं. आतले टाके शाबूत होते, म्हणून निभावलं.

त्यानंतर तिचं दार बंद झालं. आमच्या वाडीत दिवसा दार लावून घेणारी माणसं थोडी. आम्हाला राग आला. ‘बारीक व्हायला लागली आणि बदलली,’ असंही बोलून झालं. शेवटी शेजारची आंटी तिच्याकडे गेली आणि तिने सरळ विचारलं, “तुला काय आणू?” तेव्हा ती रडत म्हणाली, “तुम्ही डबा घेऊन आलात की मला भीती वाटते.” मग तिने एक यादीच सांगितली. तीच आज तुम्हाला देतोय.

पहिली वस्तू, छोटी वाटी आणि चहाचा चमचा. बाळाच्या उष्टावणाला आपण देतो तेवढीच. या बाईचं पुन्हा उष्टावणच असतं म्हणा ना. आधी एक-दोन दिवस नुसती पाण्यासारखी पेयं, मग साधारण दोन आठवडे ताक, दूध, गाळलेलं वरण. त्यानंतर मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू घरातलं जेवण. प्रत्येक डॉक्टरांचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, त्यांचा कागद तोच खरा. मोठ्या ताटात दोन चमचे वरण बघून मन खट्टू होतं. छोट्या वाटीत तेच पोटभर दिसतं.

दुसरी, खुणा केलेली पाण्याची बाटली. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी पोटात जायला हवं, पण घोट घोट. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. स्ट्रॉने पिऊ नये, हवा पोटात जाते. सोडा आणि कोल्ड्रिंक तर नकोच.

तिसरी, एक लहान उशी. रुग्णालयातून येताना टॅक्सीचा पट्टा पोटावर टोचतो, तेव्हा मध्ये धरायला. खोकला आला, शिंक आली, तरी ती पोटाशी धरायची. आमच्याकडे गल्ल्या अरुंद, टॅक्सी रस्त्यावरच थांबते. पुढे घरापर्यंत ती उशी कवटाळूनच आली. सोबत एक सैल, पुढून उघडणारा सुती गाउन द्या. परकराचा नाडा टाक्यांवर नको. पोटाचा पट्टा किंवा पायांचे घट्ट मोजे मात्र डॉक्टरांनी सांगितले तरच, आणि त्यांनी सांगितलेल्या मापाचेच आणा.

चौथी, आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा. ही जीवनसत्त्वं महिनाभराची नसतात, जन्मभराची असतात. बी-१२, ड, लोह, कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नाही, मध्ये दोन तास तरी जाऊ द्यायचे, म्हणून दिवसाला दोन-तीन कप्पे असलेला डबा बरा. लोहाच्या गोळीवर चहाही नको. आणि डोकं दुखतंय म्हणून आपल्या पर्समधली गोळी तिला काढून देऊ नका. काही वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होतो.

पाचवी, खायचंच काही न्यायचं असेल तर विचारून न्या. तिला दिवसाला साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं लागतात आणि पोटात जागा नसते. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम. म्हणजे हिशेब किती अवघड ते बघा. म्हणून तिची वेळ आली की घट्ट दही, मऊ पनीर, मुगाचं वरण, नीट काटे काढलेला वाफवलेला मासा. तोही दोन-तीन चमचे. पेढे, बर्फी, मोदक नकोत. बायपास झालेल्या बाईला तर गोडाने घाम, धडधड, जुलाब असं सगळं एकदम होऊ शकतं.

सहावी वस्तू दुकानात मिळत नाही. तिच्याबरोबर चालायला जा. शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पहिल्या दिवसापासून थोडं थोडं चालायला लावतात. दुर्बिणीच्या वेळी पोटात भरलेल्या वायूने खांदा दुखतो, तोही चालल्याने मोकळा होतो. आणि पहिले चार-सहा आठवडे तिला पाण्याची कळशी, भाजीची जड पिशवी उचलू देऊ नका. पिशवी तुम्ही उचला, हीसुद्धा भेटच.

सातवी, सुई-दोरा. नवा महागडा ड्रेस घेऊ नका, दोन महिन्यांत तो ढगळ होतो. आमच्यातल्या एकीने तिचे चार ब्लाउज आत घेऊन दिले, माया कापली नाही. साडीला मापाची भीती नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात, बहुतेकींचे पुढे परत येतात. तेव्हा ‘अगोबाई, केस किती गेले’ म्हणू नका. एक मऊ फणी द्या आणि गप्प बसा.

आता एक गोष्ट लिहून ठेवा. ताप, पोटात वाढती कळ, विश्रांतीतही जोरात धावणारी नाडी, दम लागणं, एका पोटरीला सूज, घोटभर पाणीही न टिकणं, यातलं काही दिसलं तर काढा-लिंबूपाणी करत बसू नका. लगेच तिच्या शल्यविशारदांना फोन करा, रात्र असेल तर रुग्णालय गाठा. उलट्या बरेच दिवस चालू राहिल्या आणि हातापायाला मुंग्या आल्या, तोल गेला, दोन दोन दिसायला लागलं, तर तेही तातडीचंच. बी-१ जीवनसत्त्व कमी पडल्याने असं होतं.

आमची भिशी अजून चालू आहे. पूर्वी ज्या घरी भिशी, तिथे वडे, शिरा, चहा. आता महिन्यातून एकदा आम्ही गिरगाव चौपाटीपर्यंत चालत जातो आणि वाळूत बसून चिठ्ठी उचलतो. घरी येऊन ज्यांना वडे हवेत त्या वडे खातात. ती आपल्या वाटीत आपलं खाते, आणि कोणी “अजून थोडं घे” म्हणत नाही. ते तीन शब्द गिळायला आम्हाला किती जड गेलं म्हणून सांगू! आपल्या आया-आज्यांनी माया करायची ती वाढूनच शिकवलेली.

या नाताळात आंटीने वाडीभर कुलकुल वाटले. हिच्या दारात मात्र तिने एक छोटी स्टीलची वाटी ठेवली, रिकामी. दार उघडंच होतं.

तुमच्या घरात, शेजारात कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर डबा भरण्याआधी एवढंच विचारा, “काय आणू?” आणि ती “काही नको” म्हणाली, तर रिकाम्या हाताने जा, पण जा.