समुद्र पाहावा तो थंडीत



मी सातवी शिकलेली, भाषणाची सवय नाही. अनुभव तेवढा सांगते.

मुलांना सुट्टी म्हणून आम्ही मे महिन्यात अंबडहून अलिबागला गेलो. सासूबाईंनी गोदावरीपलीकडे पाणी पाहिले नव्हते. पण वाळू अशी तापलेली की पाय ठेववेना! घामाने त्यांना घेरी आली. दोन्ही दिवस त्या खोलीतच पडून राहिल्या. "थंडीत पुन्हा येऊ," असे मी म्हटले. पण दिवाळीआधीच त्या गेल्या.

म्हणून म्हणते, कोकणात जावे ते मार्गशीर्ष ते माघ. ऊन सोसवते, हवा कोरडी असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला. नारळी पौर्णिमेला नारळ वाहूनच होड्या लोटण्याची कोळ्यांची रीत आहे.

निघताना पंचांगही पाहावे. पौर्णिमा-अमावास्येला साधारण दुपारी बाराला भरती, सहाच्या सुमारास ओहोटी; पुढे रोज पाऊण तास उशीर. कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते ते ओहोटीलाच.

शाळा बुडेल, कारखान्याची पाळी चुकेल, असे घरचे म्हणतील. दोन दिवस बुडू द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी न्या.