पदराची गाठ आणि मोबाईलमधले पाकीट
(बचत गटांच्या मेळाव्यातील भाषण)



डिजिटल रुपया हा शब्द तुमच्यापैकी काहीजणींनी ऐकला असेल. रिझर्व्ह बँकेने 1 डिसेंबर 2022 रोजी मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर येथे सर्वसामान्यांसाठी त्याचा प्रयोग सुरू केला. यूपीआयने दिलेले पैसे आपल्या बँकखात्यातून जातात. डिजिटल रुपया मात्र नोटेसारखेच रिझर्व्ह बँकेचे चलन आहे. फक्त ते कागदावर नसून मोबाईलमधल्या पाकिटात असते. आपला प्रश्न एवढाच, की हे चलन बाईच्या हातात खरोखर पडेल का?

आधी कागदी नोटेकडे पाहू. तिला रेंज लागत नाही, चार्जिंग लागत नाही. अक्षरओळख नसली तरी ती रंगावरून ओळखता येते. डाळीच्या डब्यात, पदराच्या गाठीत ती गुपचूप राहते. पण म्हणून तिचे गोडवे गायचे कारण नाही. ती भिजते, उंदीर कुरतडतात, दारुड्या नवऱ्याच्या हाती लागते. सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार हातावर गोळ्या-चॉकलेट ठेवतो. बँक लांब असली की स्वतःचेच पैसे काढायला दिवसाची मजुरी बुडते. आणि 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र आपण विसरलेलो नाही. पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे 86 टक्के रक्कम त्या नोटांत होती. अडीअडचणीसाठी लपवलेले पैसे कितीतरी बायकांना घरच्यांसमोर काढावे लागले.

आता मोबाईलमधल्या पाकिटाकडे येऊ. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे 79 टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरत असलेले बँकखाते होते, पण स्वतः वापरत असलेला मोबाईल सुमारे 54 टक्के स्त्रियांकडेच होता. त्यात साधे फोनही आले. म्हणजे चौघींतल्या जवळजवळ एकीकडे तरी खाते होते, पण फोन नव्हता. अशा बाईचा ओटीपी नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या फोनवर येतो. मग पाकीट नक्की कुणाचे?

मी काम करते त्या डोंगराळ गावांत रेंज टेकडीवर मिळते. वीज गेली की काही वेळाने टॉवरही बंद पडतो. खात्यातून पैसे वजा होतात आणि दुकानदाराला पोचत नाहीत. तोवर पीठमीठ त्याच्याच दुकानात राहते. अंगठ्याच्या मशीनवर भांडी घासून, निंदणी करून झिजलेले ठसे उमटत नाहीत.

रिझर्व्ह बँकेला ही अडचण ठाऊक आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये तिने इंटरनेटविना चालणाऱ्या डिजिटल रुपयाची सोय करणार असे जाहीर केले. हे स्वागतार्हच आहे. पण काम सोपे नाही. नोट दिली की हातातून जाते. नेटवर्क नसताना तोच डिजिटल रुपया दोनदा दिला जाणार नाही, याची खात्री फोनमध्येच करावी लागते. आणि असा फोन विहिरीत पडला, तर त्यातल्या पैशांचे काय, हे आपल्याला आधी कळायला हवे.

त्याच वेळी आणखी एक घोषणा झाली. ठरवून दिलेल्या कामासाठीच खर्चता येईल असा डिजिटल रुपयाही काढता येणार. बियाण्याचे पैसे दारूत जाणार नाहीत, हे खरे. पण पोर तापाने फणफणली तर त्याच पैशातून औषधही आणता येणार नाही. बाईने कशावर खर्च करावा हे आजवर घरातले पुरुष ठरवत आले. उद्या ते दूरवरचे यंत्र ठरवणार असेल, तर आपण काय मिळवले?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. रोख रकमेचा पर्याय कायम राहिला पाहिजे. साध्या फोनवरही व्यवहार झाला पाहिजे. अडकलेल्या पैशांची तक्रार गावातच, मराठीत घेतली गेली पाहिजे. बाईचा हिशोब तिच्या परवानगीशिवाय कुणाला दिसता कामा नये.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीला तीन गोष्टी विचारा: फोन कुणाच्या नावावर, पिन कुणाला ठाऊक, आणि रेंज कुठे मिळते. उत्तरे वहीत नोंदवा. तहसीलदारांकडे आणि बँकेत जाताना ती वही आपल्या हातात हवी.