खाऊनही वाळणारे मासे

कांचेच्या टांकींतील मासा नेमानें खातो, तरीही त्याचें पोट खपाटीस जातें. अशा वेळीं उणीव अन्नाची नसून आंत परोपजीवी असण्याचा संभव असतो.

गप्पीच्या गुदद्वारांतून तांबडे दोरे डोकावूं लागले, तर ते बहुधा कॅमॅलॅनस नांवाचे रक्त शोषणारे कृमि होत. त्यांवर पाण्यांत लेव्हामिसोल देतात. त्यानें कृमि लुळे पडून बाहेर येतात. ते नळीनें तळांतून काढून टाकावे व दोनतीन आठवड्यांनीं औषध पुन्हां द्यावें. कारण मागें राहिलेलीं पिल्लें पुन्हां पोटांत शिरतात.

विष्ठा पांढऱ्या सुतासारखी झाल्यास स्पायरोन्यूक्लिअस या सूक्ष्म जंतूचा संशय घ्यावा. तेथें मेट्रोनिडाझोल अन्नांतून देतात. परंतु माशांच्या क्षयांतही देह असाच झिजतो, आणि त्यावर हीं औषधें चालत नाहींत. म्हणून निदान आधीं, औषध मागाहून.

नवा मासा महिनाभर निराळ्या भांड्यांत ठेवावा. एकाच्या घाईनें साऱ्या टांकीचा संसार बुडूं नये.