कोणतं इंजेक्शन दिलंत?

(आरोग्य कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

गुडघे धरले, बोटं सुजली, दम लागला, अंगाला खाज सुटली, की आपल्या बायका दवाखान्यात जाऊन एक सुई घेतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर. कसली सुई, म्हणून विचारलं तर सांगतात, ‘ताकदीची.’ पुष्कळदा ते स्टिरॉइड असतं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन नाहीतर ट्रायमसिनोलोन. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

मी डॉक्टर नाही. समाजकार्य शिकले आणि वस्त्यांमधून काम करते. कुणाला कोणतं औषध द्यावं हे मी सांगणार नाही. पण आपल्या शरीरात काय जातं हे बाईला कळलंच पाहिजे, हे सांगणं आपलं काम आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. स्टिरॉइड म्हणजे विष नव्हे. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करतात. त्याच्याच धर्तीवर ही औषधं बनली. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली, आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. या संशोधनासाठी 1950 साली हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. आजही दम्याचा जोराचा झटका आला किंवा ल्यूपस मूत्रपिंडात उतरला, तर हीच औषधं जीव वाचवतात.

पण हेच औषध कसं उलटतं, तेही आपण पाहिलं आहे. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने कमी होतात, हे जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासातून कळलं. 2021 च्या दुसऱ्या लाटेत ते गरज नसलेल्यांनाही, जास्त प्रमाणात दिलं गेलं. साखर वाढलेल्या माणसांना काळ्या बुरशीने गाठलं. महाराष्ट्रात कितीतरी जणांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. औषध तेच. फरक कुणाला, किती आणि किती दिवस, एवढाच.

हा प्रश्न बायकांचा का? शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते, असे आजार बायकांत जास्त. ल्यूपसच्या दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात. सांध्यांच्या आमवातात पुरुषांच्या दोन-तीन पट. आणि बाईचं दुखणं घरात सगळ्यांत शेवटी मोजलं जातं. तपासणीला शहरात जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, सोबत कुणी येत नाही. सुई स्वस्त, जवळ, आणि आजचा दिवस निघतो. म्हणून सुई घेणाऱ्या बाईला अडाणी म्हणू नका. तिचा हिशोब तिच्या परिस्थितीत बरोबरच असतो. फक्त त्या हिशोबातला अर्धा भाग तिला कुणी सांगितलेला नसतो.

तो अर्धा भाग असा. सुई सूज उतरवते, आजार तसाच राहतो. आमवातात आतल्या आत सांधे झिजत राहतात. आजाराला आवर घालणारी औषधं वेगळी आहेत. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तेवढ्यापुरता स्टिरॉइडचा आधार घेतात. वारंवार घेतलं तर रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, खुब्याचं हाड खराब होऊ शकतं, दबलेला क्षयरोग डोकं वर काढतो. पाळी पुढेमागे होते. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय मात्र बारीक. आणि घरचे म्हणतात, ‘बरी भरलीस की!’ ती तब्येत नसते, मैत्रिणींनो, ते औषध असतं.

सगळ्यांत मोठा धोका अचानक बंद करण्याचा. बाहेरून औषध मिळत राहिलं की त्या ग्रंथी काम थांबवतात. तीन आठवड्यांहून जास्त काळ चाललेलं स्टिरॉइड एकदम तोडलं तर बाई गळून जाते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून माझं हे बोलणं ऐकून उद्या कुणाच्या गोळ्या बंद करायला लावू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू कमी करायचं. बाळंतपण, ऑपरेशन, मोठा ताप, अशा वेळी आपण स्टिरॉइड घेत होतो हे आधी सांगायचं. तशी चिठ्ठी पर्समध्ये ठेवायची.

सुईआधी चार प्रश्न विचारायला बायकांना शिकवू या. औषधाचं नाव काय? कोणत्या आजारासाठी? यापुढे किती वेळा? याला दुसरा उपाय आहे का? आणि चार गोष्टी आपणहून सांगायच्या: मधुमेह, घरात किंवा स्वतःला क्षयरोग, सध्या ताप किंवा जखम, आणि दिवस गेले असतील तर तेही. सांध्यातलं इंजेक्शन तज्ज्ञाकडूनच, आणि एकाच सांध्यात साधारण तीन महिन्यांच्या आत पुन्हा नाही. त्यानंतर काही दिवस मधुमेही बाईने साखर तपासत राहायचं. काही स्टिरॉइडं दुधासारखी पांढरी असतात. ती शिरेतून द्यायची नसतात. दंडात वरवर टोचली तर तिथे खड्डा पडतो, कातडी पांढरी होते.

विचारणं म्हणजे उर्मटपणा नव्हे. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, हा कायदा आहे. 2021 साली महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावणं खाजगी रुग्णालयांना बंधनकारक झालं. आजाराची आणि उपचाराची माहिती मिळणं हा त्यातलाच हक्क.

एका वस्तीतल्या बायकांनी एक साधी वही ठेवली आहे. सुई घेतली की तारीख, कारण आणि औषधाचं नाव. रिकामी बाटली मागून आणतात, नाव वाचता येणारी मुलगी लिहून घेते. तीन-चार महिन्यांत एकीच्या नावापुढे सात वेळा डेक्सामेथासोन आलं. ती वही घेऊन आम्ही तिला सरकारी रुग्णालयात नेलं. निदान झालं आमवाताचं. आज ती नियमित औषधावर आहे, स्टिरॉइड हळूहळू उतरवलं आहे.

अशी वही प्रत्येक गटात सुरू करा. खर्च दहा-वीस रुपयांचा आहे. पुढच्या बैठकीला येताना ती सोबत आणा, आपण एकत्र वाचू.